मुक्या पट्टीचा सूर

मित्रांनो, मी एक जुना पियानो आहे आणि तुमच्याशी मान खाली घालून बोलतो आहे. मान मला नाही, झाकण आहे. तेच खाली आहे असं समजा.

मी घडलो तेव्हा असा नव्हतो. सुतारांनी माझं लाकूड वर्षभर वाळवलं, कारागिरांनी तारा ताणल्या, प्रत्येक सुरापुढे लोकर गुंडाळलेली इवलीशी हातोडी बसवली. पट्टी दाबली की हातोडी उठते, तारेला टोला देते आणि सूर जागा होतो. अशा अठ्ठ्याऐंशी पट्ट्या घेऊन मी एका संगीतशिक्षिका बाईंच्या घरी चाळीस वर्षं नांदलो. बाई मला रोज मऊ फडक्याने पुसायच्या. पुढे त्यांचे कान थकले. एके दिवशी त्यांची पेन्सिल माझ्या उघड्या झाकणातून पोटात पडली आणि मधल्या एका हातोडीपुढे अडकून बसली. तेव्हापासून ती पांढरी पट्टी दाबली की नुसतं ‘टक्’ व्हायचं. बाईंना ते ऐकूच आलं नाही, आणि मला सांगता आलं नाही.

बाई गेल्या. मी जुन्या सामानाच्या दुकानात, एका कपाटामागे येऊन पडलो. अंगावर धुळीची गोधडी. एकदा दुकानाची भिंत रंगवायला एक रंगारी आला. त्याने कपाट सरकवलं, मला पाहिलं, आणि ब्रश हातातच राहिला. रंग टपटप त्याच्याच बुटावर.

“हा वाजतो?” त्याने विचारलं.

“वाजतो काय, गातो!” म्हणत दुकानदार बसला आणि एक छोटी धून वाजवून मोकळा झाला. रस्त्यातला खड्डा चुकवावा तशी त्याने ती मुकी पट्टी चुकवली. त्याला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं.

रंगाऱ्याने हात पँटला पुसले आणि जोडले. “देवा, मागायचीसुद्धा हिंमत नव्हती रे माझी, आणि तू इथे ठेवून दिलंस!” त्याचे डोळे भरून आले. मला वाटलं, आपल्या सगळ्या तारा आत्ता तटातट तुटाव्यात. ज्याच्यासाठी देवाचे आभार मानले जात होते, तो मी असा खोटा! मजुरीऐवजी त्याने मलाच मागून घेतलं.

घरात त्याची थोरली बहीण आणि लेक चिमणी. बहिणीने मला पाहताच कपाळाला हात लावला. “पाय पसरायला जागा नाही, आणि आणलंय काय, तर हत्ती!”

“ताई, देवाची देणगी आहे ही.”

“मग देवाला आपल्या खोलीचं माप ठाऊक नव्हतं का?”

चिमणीचं मात्र या बोलण्याकडे लक्षच नव्हतं. तोवर ती एका फळीवर शिकत होती. बाबांनीच त्या फळीवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या रंगवून दिल्या होत्या. फळी कसली वाजते? म्हणून चिमणी बोटाने पट्टी दाबायची आणि सूर तोंडाने म्हणायची. आता ती माझ्यापुढे बसली. एक, दोन, तीन... आणि ‘टक्’.

“बाबा, ही बोलत नाहीये.”

“असू दे, चिमणे. देवाने दिलेल्याला नावं ठेवायची नसतात.”

तो रागावला नव्हता. एवढं मिळालेलं परत जाईल, या भीतीने बोलला होता. चिमणीने पुन्हा विषय काढला नाही. ती पट्टी आली की ती बोट उचलायची आणि तेवढा सूर फळीवरच्यासारखा तोंडाने म्हणायची. कधी हळूच मला विचारायची,

काळी बाई, गोरी बाई,
मधली बोलत का गं नाही?



मग शाळेचा कार्यक्रम आला. शाळेचा पियानो धडधाकट होता. तिथे चिमणीने वाजवायला घेतलं, आणि ती पट्टी आली तशी सवयीने बोट उचलून गायली. एकदा, दोनदा, नऊ वेळा. सभागृह हसून हसून लोटपोट झालं. घरी आल्यावर बाबा विचारत राहिले, “असं का केलंस गं?” चिमणीने माझं झाकण उघडलं नाही. आत्या एवढी तिखट, पण त्या दिवशी तिच्याही तोंडून टोमणा निघाला नाही. आणि मी कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून उभा, चोरासारखा.

दुसऱ्या सकाळी दाराशी एक काका आले, हातात हत्यारांची पिशवी. “शाळेचा पियानो मी सुरात लावतो. काल मागच्या रांगेत होतो. पोरगी दर वेळी एकाच सुरावर गायली, आणि तेही अगदी चोख. चूक तिची नाही हो. चूक तुमच्या पियानोची आहे. बघू का जरा?”

त्यांनी माझी पुढची फळी काढली, चिमटा घातला आणि पेन्सिलीचा तुकडा बाहेर काढला. त्यावर बाईंच्या दातांच्या खुणा अजून होत्या.

“एवढंच?” आत्या म्हणाली.

“एवढंच.”

मित्रांनो, तो शब्द मला फार लागला. एवढ्याशासाठी एका लेकराचं हसं झालं होतं.

रंगारी चिमणीपुढे येऊन बसला. “पहिल्याच दिवशी सांगितलं होतंस तू. मीच तुला गप्प केलं.”

“देव रागावेल म्हणून मी...” चिमणी पुटपुटली.

“देव कशाला रागावेल?” आत्या म्हणाली. “रागवायला मी आहे ना घरात!”

चिमणी हसली. कालपासून पहिल्यांदा.

म्हणून सांगतो मित्रांनो, देणगी मिळाली की हात जरूर जोडा, पण मग तेच हात तिच्या देखभालीला लावा. आम्हांला दुखलं तरी सांगता येत नाही. आणि एखादं मूल ‘हे बोलत नाहीये’ म्हणालं, तर निदान झाकण उघडून बघा.

काकांनी ती पट्टी दाबली. सूर उठला, पण थोडा उतरलेला. इतकी वर्षं मुकी राहिलेली तार ती! मी पुन्हा ओशाळलो. काकांनी सूर तपासायचा काटा पिशवीतून काढला, चिमणीकडे पाहिलं आणि परत ठेवून दिला.

“चिमणे, तुझा सूर धर बघू.”

चिमणीने डोळे मिटून सूर धरला. काका किल्लीने माझी तार हळूहळू ताणत गेले, तिच्या गळ्याला जुळेपर्यंत.