घासलेले ठोकळे

धीरजचा आपल्या पोरीवर काडीचाही विश्वास उरला नव्हता. हेमांगी बारा वर्षांची. तिचा खालचा जबडा मागे राहिलेला, वरचे दात पुढे. शहाद्याच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला प्लॅस्टिकचे दोन ठोकळे दिले होते, एक वर बसवायचा, एक खाली. तोंड मिटलं की त्यांचे उतार एकमेकांना भिडायचे आणि खालचा जबडा पुढे यायचा. जेवतानाही काढायचे नाहीत, फक्त धुण्यापुरते. वाढीचं वय सरलं, तर मग ऑपरेशनच, असं बाईंनी बजावलं होतं.

सुरुवातीला पोर बोबडं बोलायची, भाकरी चावताना रडायची. आणि आता? अख्ख्या सारंगखेड्यात तिच्याइतकी चुरूचुरू बोलणारी पोर नव्हती. भाकरीही मटामटा खायची. धीरजला हे काही पटेना. केळीच्या बागेतलं काम टाकून तो अवेळी घरी यायचा.

"तोंड उघड!"

ठोकळे तोंडातच असायचे.

"मन्ही गाडीना आवाज आयकीसन घालस तू. मन्हा डोयास्मा धूय फेकू नको."

"नही पप्पा, मी काढतच नही," हेमांगी रडकुंडीला येऊन म्हणायची.

गडी एवढ्यावर थांबला असता तर! ही ठोकळे काढून ठेवते का, असं त्यानं शाळेत जाऊन वर्गाच्या बाईंनाही विचारलं, तेही साऱ्या वर्गासमोर. पोरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तपासणीला आजोबा शांतीलालही सोबत आले. घोडेबाजारात त्यांची हयात गेली होती. जबडा उघडून पाहिल्याशिवाय त्यांनी कधी घोडा घेतला नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी मोजलं. जबडा तसूभरही पुढे आला नव्हता.

"घालतच नाही ती!" धीरज ओरडला.

बाईंनी ठोकळे हातात घेऊन बोट फिरवलं. "उतार कुठं गेले? कुणी कानशीनं घासलेत?"

"मीच घसं," शांतीलाल ऐटीत म्हणाले. "धोवाले मन्हाकडेच देस ती. मांगला दात टेकतच नव्हतात, पोरले चावता येत नव्हतं. घोडाना दात उच्चा व्हयनात का आपण घसतसच ना?"

हेमांगीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"आबा, त्या उतारांनीच जबडा पुढे येतो," बाई म्हणाल्या. "नवे करू. वेळ आहे अजून, पण थोडाच."

म्हाताऱ्याचा चेहरा पडला. "म्हणजे मीच पोरनं वाटोयं करं?"

धरणीनं पोटात घ्यावं, असं धीरजला झालं. तो लेकीच्या डोक्यावर हात ठेवायला गेला. ती बाजूला सरली.

"चला, आबा," ती म्हणाली आणि म्हाताऱ्याचा हात धरून जिना उतरू लागली. बापाकडे तिनं वळूनही पाहिलं नाही.