बाराला पाच कमी

रामनवमीच्या कीर्तनात जन्माचा इशारा अवंतिका देईल, असं मी भालचंद्रबुवांना सांगून बसले आणि आमच्या हिंदी मुलखातल्या, गोरखी वाड्याजवळच्या मराठी मंदिरात कुजबुज सुरू झाली. अवंतिका सात वर्षांची, माझ्या रविवारच्या वर्गातली. घड्याळ कळत नाही म्हणून शाळेत तिचं हसं झालं होतं. घरात सगळी आकडे दाखवणारीच घड्याळं, पोर काटे पाहणार कुठून?

बुवा श्रोत्यांकडे तोंड करून उभे राहतात. घड्याळ त्यांच्या पाठीमागच्या खांबावर. रंगात आलेलं कीर्तन सोडून मागे बघणार कसं? आणि मोबाईल पिशवीबाहेर काढायचा नाही, हा त्यांचाच दंडक. म्हणून ठीक बाराला कोणीतरी हात वर करतं, बुवा जन्म करतात, गुलाल उडतो. हा मान आजवर मंदिरातले सर्वांत ज्येष्ठ, संभाजीराव यांचा.

"सुमनताई, पोरीच्या भरवशावर रामजन्म? रामराया दुपारी एकला आला म्हणजे?" ते म्हणाले. सगळे हसले. अवंतिका तिथेच होती.

मग महिनाभर आम्ही दोघी पुठ्ठ्याचं घड्याळ घेऊन बसलो. छोटा काटा म्हणजे बुवा, सावकाश सरकणारे. मोठा म्हणजे टाळकरी. त्याची अख्खी फेरी झाली की बुवा एक घर पुढे. साडेअकराला छोटा काटा दोन आकड्यांच्या मध्ये का लटकतो, यावरून ती एकदा रडली आणि मलाही रडवायचं बाकी ठेवलं.

नवमीला उत्तररंग, म्हणजे कीर्तनातलं आख्यान, असा रंगला की मीच घड्याळ विसरले. कौसल्येचं वर्णन चाललेलं. तेवढ्यात संभाजीरावांना छोटा काटा बारावर टेकलेला दिसला आणि सवयीने त्यांचा हात उचलला गेला. लोकांनी गुलालाच्या मुठी भरल्या.

अवंतिका उठून उभी राहिली.

"आजोबा, अभी नहीं. मोठा काटा अकरावर आहे. अजून पाच मिनिटं आहेत."

बुवांनी मान वळवून पाहिलं, हसले, पेटीवाल्याला खूण केली आणि आणखी एक पद धरलं. पोरगी खांबावरची नजर न हलवता उभी. मी मात्र रामाचं नाव घेत बसलेली. पद संपलं, मोठा काटा बारावर आला आणि तिचा हात वर गेला. मला गुलालातलं पुढचं काही दिसलंच नाही, डोळे भरून आले होते.

पाळण्याची पहिली दोरी संभाजीराव ओढतात. या वर्षी त्यांनी ती अवंतिकेच्या हातात दिली आणि शेजारच्यांना म्हणाले, "आमच्या मंदिराची पोर आहे ही."