बासष्ट वादकांचा सत्कार

दिग्विजय लोमटे चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या सीटचा फोम तपासायचा, पण हे कुणी विचारलं तरच सांगायचा. न विचारता सांगायचा ते असं, की आपण संगीतकार आहोत. स्वतंत्र संगीतकार.

"स्वतंत्र म्हणजे?" लग्न ठरताना स्वरूपाच्या मामांनी विचारलं होतं.

"म्हणजे कुणाच्या हाताखाली नाही."

म्हणजे कुणी काम देत नाही, असा अर्थ मामांनी मनातल्या मनात लावला आणि कंपनीतली नोकरी पक्की आहे ना, एवढं विचारून सुपारी फोडली.

संत तुकाराम नगरातल्या त्याच्या घरात, आतल्या खोलीत, कपाट आणि भिंत यांच्यामधल्या सांदीत त्याचं टेबल होतं. त्यावर कॉम्प्युटर, एक छोटा कीबोर्ड आणि हेडफोन. त्या सांदीत बसून त्याने चार वर्षांत अख्खा पाश्चात्त्य वाद्यवृंद उभा केला. व्हायोलिनचा ताफा, व्हायोलिनचे थोरले भाऊ शोभणारे चेलो, बासऱ्या, फुंकायचे पितळी हॉर्न, हंड्याएवढे ढोल. यातलं एकही वाद्य त्याने कधी हातात धरलेलं नव्हतं. व्हायोलिन एकदा जवळून पाहिलं होतं, तेही दुकानाच्या काचेआड. परदेशात कुठेतरी खऱ्या वादकांकडून एकेक सूर वाजवून घेऊन रेकॉर्ड करून ठेवतात आणि तो विकत मिळतो. दिग्विजय ते सूर माउसने उचलायचा आणि वाळवणाला सांडगे घालावेत तसे ओळीने मांडायचा.

असं करत करत त्याचा पहिला संग्रह तयार झाला. नाव 'लोहपर्व'. भाग सात, आणि एकेक भाग एवढा लांब, की तेवढ्यात कुकरच्या शिट्ट्या होऊन वाफही जिरावी. मुखपृष्ठासाठी त्याने एका बंद पडलेल्या कारखान्याच्या फाटकासमोर लग्नातला कोट घालून, आभाळाकडे बघत फोटो काढून घेतला. वॉचमनला वाटलं, जागा विकत घ्यायला पार्टी आली. त्याने खुर्ची आणून दिली.

'लोहपर्व' इंटरनेटवर प्रकाशित झालं त्या दिवशी दिग्विजयने रजा टाकली होती. जगातून काही ना काही येईल म्हणून तो दिवसभर मोबाइल हातात धरून बसला. संध्याकाळपर्यंत जे थोडके श्रोते जमले, त्यांतला निम्मा तो स्वतःच होता. एकदा मोबाइलवरून, एकदा कॉम्प्युटरवरून आणि एकदा स्वरूपाच्या मोबाइलवरून.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये निरंजनने त्याच्या पाठीवर थाप मारली. निरंजन खरेदी विभागात होता आणि त्याच्या ओळखी जकातनाक्यासारख्या होत्या, त्यातून कुणी सुटायचं नाही.

"भावा, ऐकलं. एकदम हॉलीवूड!"

"कुठला भाग आवडला?"

"सगळेच," निरंजन म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला. मग त्यालाच राहवलं नाही. "राव, पण हे असं नेटवर सोडून काय होतंय? दणक्यात प्रकाशन सोहळा पाहिजे. दादासाहेबांकडे जाऊ."

दादासाहेब चाकणजवळच्या एका गावचे. त्यांच्या शेतात पूर्वी कांदा व्हायचा, आता गोदामं उगवली होती. गावात मंगल कार्यालय त्यांचं, गोठ्यात शर्यतीचे बैल त्यांचे, आणि निवडणूक तोंडावर आलेली असल्यामुळे कुठल्याही सोहळ्याला त्यांची ना नव्हती.

"ऑर्केस्ट्रा व्हय?" ते खूश होऊन म्हणाले. "झ्याक! यात्रेला दरसाल आणतो आमी. किती माणसं हायेत तुमच्यात?"

खरं म्हणजे 'ऑर्केस्ट्रा' म्हणताच दादासाहेबांच्या डोळ्यांसमोर झगमगीत साडीतल्या गायिका आणि सिनेमाची गाणी उभी राहिली होती, हे दिग्विजयला कळायला हवं होतं. कळलंही. "माणसं नाहीत, सगळं कॉम्प्युटरवर आहे," हे शब्द त्याच्या जिभेवर आले होते. पण त्याच्या वाद्यवृंदात किती माणसं आहेत, हे आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्याला विचारत होतं. आणि त्याने ती मनातल्या मनात अनेकदा मोजलेली होती.

"बासष्ट," तो म्हणाला.

दादासाहेब खुर्चीत सरसावून बसले. "बासष्ट! समद्यांचा सत्कार करू. शाल, नारळ, फेटा."

"ते येऊ शकणार नाहीत," दिग्विजय घाईघाईने म्हणाला.

"का बरं?"

"परदेशात असतात."

यात खोटं काहीच नव्हतं. दादासाहेबांच्या कानांत 'परदेश' तेवढं शिरलं. त्यांनी मान वळवून मागे उभ्या असलेल्या पुतण्याला हाक मारली. "ऐकलं का रं? फॉरेनची माणसं हायेत. फ्लेक्सवर टाक."

फ्लेक्स चौकात लागला तो दुमजली. 'चाकणच्या भूमीत प्रथमच! परदेशी कलाकारांचा भव्य ऑर्केस्ट्रा!' दादासाहेब हात जोडून फ्लेक्सभर उभे, खाली कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढा दिग्विजय, आणि मधोमध व्हायोलिन घेतलेली एक सोनेरी केसांची बाई. बस तिथून गेली तेव्हा दिग्विजयला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने चटकन फोटो काढून घेतला.

"ही बाई कोण?" घरी स्वरूपाने विचारलं.

"माहीत नाही."

"तुझ्यात वाजवते?"

"अगं, नेटवरून उचललीय त्यांनी."

स्वरूपाने फोटो मोठा करून नीट पाहिला. "बाई चांगली आहे. पण अजून वेळ आहे, दिग्विजय. जाऊन सांगून टाक."

"सांगतो," तो म्हणाला. सांगितलं नाही. एकदा संगीत सुरू झालं, की वाजवतंय कोण, हे लोक विसरून जातील, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. थोर कलेच्या बाबतीत असंच होतं, असंही त्याने स्वरूपाला ऐकवलं. ती मेथी निवडत होती, तिने मान वर केली नाही.

रविवारी संध्याकाळी मंगल कार्यालय गच्च भरलं. पुढच्या रांगांत बायका, मागे तरणी पोरं, दाराशी पाय ठेवायला जागा नाही. स्टेजच्या दोन्ही बाजूंना दादासाहेबांनी मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंती उभ्या केल्या होत्या. स्टेजवर लाल पडदा, पडद्यापुढे एक टेबल, टेबलावर लॅपटॉप आणि लॅपटॉपमागे लग्नातल्या कोटात दिग्विजय.

निरंजन मात्र गप्प बसणाऱ्यातला नव्हता. "एक तरी परदेशी दिसायला हवा," म्हणून त्याने क्लाउसला उचलून आणलं होतं. क्लाउस कंपनीत नवीन मशीन बसवायला आलेला जर्मन माणूस. सुट्टीच्या दिवशी हॉटेलच्या खोलीत त्याचा जीव आंबून जायचा, त्यामुळे कार्यक्रम कसला हे न विचारताच तो गाडीत बसला होता.

"आपल्या ऑर्केस्ट्राचे प्रमुख! थेट जर्मनीहून!" निवेदकाने आरोळी ठोकली. क्लाउसला फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला. त्याने नारळ कानाशी हलवून पाहिला आणि हात जोडले. टाळ्यांचा कडकडाट झाला. दिग्विजयने सकाळपासून भाषण पाठ केलं होतं, पण क्लाउसबरोबर सेल्फी काढणाऱ्यांची रांग संपेपर्यंत भाषणाची वेळ टळून गेली. दादासाहेब मात्र बोलले, आणि बेताने बोलले, म्हणजे फक्त पाण्याच्या लायनीपासून उड्डाणपुलापर्यंतच बोलले.

मग दिग्विजयने बटण दाबलं.

आवाज असा आला, की स्वयंपाकघरात रचून ठेवलेली ताटं थरथरली. चार वर्षं जे त्याच्या दोन कानांच्या मध्ये कोंडलेलं होतं, ते भिंतींवर आदळू लागलं. चेलोंची लाट पुढच्या रांगेवरून मागे गेली. पोरं गप्प झाली. दिग्विजयचे डोळे भरून आले, आणि निदान तेवढ्यापुरतं तरी त्याला कुणाचीही, अगदी त्या सोनेरी केसांच्या बाईचीही, लाज वाटली नाही.

व्हायोलिन, बासऱ्या झाल्या, मधला हळू भाग सरला आणि हॉर्न आला. सांदीत बसून हा सूर त्याला भव्य वाटायचा. आज एवढ्या मोठ्या आवाजात त्याच्या लक्षात आलं, की हॉर्न एकच सूर धरून बसलाय आणि सोडतच नाही. वाजवणारा खरोखरचा माणूस असता तर मध्ये कधीच गुदमरून मेला असता. त्याने सभागृहाकडे पाहिलं. हॉर्नचं कुणाला काही नव्हतं. सगळे पडद्याकडे बघत होते.

"पडदा उघडा की राव!" मागून कुणीतरी ओरडलं.

"बाबा, गाणारनी कवा यायच्या?" पहिल्या रांगेतल्या गवराबाईंनी मायेने विचारलं. गवराबाई दादासाहेबांच्या चुलती; त्यांच्या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागायचं. "सुरुवात झाली, आजी," दिग्विजय म्हणाला.

"ही? मला वाटलं आवाज तपासत्यात."

शिट्ट्या सुरू झाल्या. दादासाहेब चेहऱ्यावरचं हसू न हलवता स्टेजवर आले आणि दिग्विजयच्या कानाशी वाकले. "लोमटे, माणसं कुठंयत?"

"ह्याच्यात." दिग्विजयने लॅपटॉपकडे बोट दाखवलं.

"बासष्ट?"

"बासष्ट."

दादासाहेबांनी लॅपटॉपकडे पाहिलं, मग गर्दीकडे पाहिलं. राजकारणात उगाच टिकले नव्हते ते. त्यांनी माइक हातात घेतला आणि पुतण्याला संगीत बंद करण्याची खूण केली.

"मंडळी! आपल्यासाठी बासष्ट परदेशी कलाकार यायला निघाले होते. पर त्यास्नी व्हिसा मिळू दिला न्हाई! कुणी मिळू दिला न्हाई, ते तुमाला म्हाईत हाय. मी नाव घेणार न्हाई!"

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. पाठोपाठ पुतण्याने आपला मोबाइल जोडला, नाचाची गाणी सुरू झाली, आणि पडद्यापुढे पहिला उतरला तो फेटेवाला क्लाउस. वादकांसाठी आणलेल्या शाली तशाच पडून होत्या, त्या दादासाहेबांनी पुढच्या रांगांतल्या बायकांच्या खांद्यांवर घातल्या. पेपरात बातमी आली ती अशी, की दादासाहेबांच्या हस्ते महिलांचा गौरव झाला व संगीताचा कार्यक्रमही झाला.

कार्यक्रमाला स्वरूपाही आली होती; दोघं स्कूटरवरून घरी परतले. जिना चढताना स्वरूपा म्हणाली, "तो मधला हळू भाग होता ना, हॉर्नच्या आधीचा? तो मला आवडला."

"तू तो आधी ऐकला नव्हतास?"

"कसा ऐकणार? हेडफोन तुझ्याच कानांवर असायचे."

चार वर्षांत तिला एकदाही शेजारी बसवून ऐकवलं नव्हतं, हे त्याला त्या जिन्यात पहिल्यांदा जाणवलं. पण त्याविषयी काही करण्याआधीच मोबाइल वाजू लागला, आणि नंतरचे दोन दिवस वाजतच राहिला.

झालं होतं असं. दादासाहेबांच्या पुतण्याने सुरुवातीची ती चेलोंची लाट आपल्या मोबाइलवर टिपली होती आणि बादशा नावाच्या त्यांच्या बैलाच्या व्हिडिओला लावून टाकली होती. बादशा गोठ्यातून सावकाश बाहेर येतो, मान फिरवतो, आणि खाली लोहपर्व दुमदुमतं. व्हिडिओ खेड, मावळ, शिरूरपर्यंत पोचला. बघणाऱ्यांची संख्या दिग्विजयच्या कंपनीतल्या सगळ्या पाळ्यांच्या कामगारांपेक्षाही जास्त झाली. 'बादशा किंग', 'अंगावर काटा', 'नाद करायचा न्हाय' अशा प्रतिक्रियांचा पाऊस पडला. दिग्विजयने त्या एकूण एक वाचल्या. संगीत कुणाचं, असं फक्त एकाने विचारलं होतं, आणि त्याला उत्तर मिळालं होतं: 'बादशाचं.'

तो संतापला. पुतण्याला फोन करून खडसावणार होता, पण आधी फोन दादासाहेबांचाच आला. रविवारी घाटात शर्यती आहेत, जोडीने या.

घाट म्हणजे चढावरची शर्यतीची धावपट्टी. दोन्ही अंगांना माणसांच्या भिंती, हवेत भंडारा, समालोचकाचा आवाज चिरलेला. बादशाची बारी पुकारली गेली. गाडा सुटला आणि त्याच क्षणी कर्ण्यांतून दिग्विजयचे चेलो उसळले. हजारो माणसं एका झटक्यात टाचा उंचावून ओरडली. दिग्विजयच्या अंगावर सर्रकन काटा आला. आता व्हायोलिन येणार, मग बासऱ्या, मग तो हळू भाग...

संगीत बंद पडलं.

"काय झालं?" तो शेजारी उभ्या असलेल्या दादासाहेबांना म्हणाला. "पुढचं वाजवा की."

"पुढचं काय? बारी संपली!" दादासाहेब भंडाऱ्याने पिवळे झाले होते. बादशा वर निशाणापाशी पोचून फुरफुरत होता. गाडा निघून वर पोचेपर्यंत बारा सेकंदसुद्धा झाले नव्हते. "लोमटे, तुमचं ते लई लांबण असतं बघा. आमच्या बादशासाठी बारीएवढंच एक करून द्या. सुटला की सुरू, पोचला की खल्लास."

कलाकृतीला उठाव लागतो, विस्तार लागतो, विसावा लागतो, असं दिग्विजय सांगायला गेला. तेवढ्यात पुढची जोडी सुटली आणि पोचलीही.

"करतो," तो म्हणाला.

परतीच्या वाटेवर तळेगाव रस्त्याला कंटेनरची रांग लागलेली होती. स्कूटर दोन कंटेनरच्या मध्ये अडकून पडली. स्वरूपाने त्याच्या कोटावरचा भंडारा झटकला.

"वाईट वाटतंय?"

"वाटायला हवं होतं," तो म्हणाला. "पण लोक कसे टाचा उंचावून उभे राहिले होते, पाहिलंस ना?"

"बैलासाठी राहिले होते."

"हो, बैलासाठीच," दिग्विजय म्हणाला आणि बोटांनी स्कूटरच्या हँडलवर ठेका धरला. "सुरुवातीलाच ढोल घ्यायला हवेत. चेलो यायला फार वेळ लावतात."

पुढचा कंटेनर हलला. मागच्याने हॉर्न दिला, तशी त्याने गाडी रेटली.