खिशातला चमचा

मी एक चमचा बोलतोय. चमचा म्हटलं की लोकांना हसू येतं, पण मी आयुष्यात कुणाची हांजी हांजी केलेली नाही. उलट चहाच्या पेढीवर भल्याभल्या मळेवाल्यांचे चेहरे मी एका भुरक्यात पाडले आहेत. माझं पोट खोल आणि गोल, दांडा आखूड. चहा चाखणाऱ्यांना चमचा असाच लागतो. ज्या कारागिरानं मला चांदीतून ठोकून काढलं, त्यानं शेवटी मला स्वतःच्या ओठाला लावून पाहिलं आणि म्हणाला, "काठ टोचत नाही. झालं काम."

मला विकत घेतलं मोठ्या मालकांनी. ते पेढीवर चाखणारे होते. लांबलचक टेबलावर पांढरे पेले मांडलेले असत, प्रत्येकात वेगळ्या मळ्याचा कोरा चहा. मोठे मालक मला बुडवायचे, भुर्रकन ओढायचे, घोट जिभेवर खेळवायचे आणि बाजूच्या पिकदाणीत थुंकायचे. मग एकच शब्द. "जळका." "कुबट." "उत्तम." त्या एका शब्दावर मालाचा भाव ठरायचा. घरी मालकीणबाई म्हणायच्या, "दिवसभर बाहेर थुंकून येतात आणि संध्याकाळी माझ्या चहाला नावं ठेवतात!"

हसतखेळत चाललं होतं. ते कसं संपलं, हे मला नीट ठाऊक आहे, कारण सगळ्यांत आधी ते मलाच कळलं.

आधी त्यांना वास येईनासा झाला. भुरका मारल्यावर चाखणारा क्षणभर थांबतो. घशातून वर नाकात चढणारा वास ओळखायला तेवढी उसंत लागते. मोठे मालक थांबेनासे झाले. कडू-तुरट जिभेला कळायचं, पण धूर, फूल, ओलं पोतं, काही कळेना. पत्तीचा रंग बघून ते अंदाजानं बोलू लागले. अनुभव दांडगा, म्हणून बरेच दिवस निभावलं.

मग हात. त्या हाताची तऱ्हाच न्यारी होती. काम करताना अगदी स्थिर. मला उचलताना, बुडवताना पूर्वीसारखाच. पण रिकामा ठेवला की अंगठा तर्जनीवर घासू लागायचा, न दिसणारी पत्ती चुरत बसल्यासारखा. पुढं सगळा हातच थरथरू लागला. पुढं शर्टाची बटणं लावता येईनात. पुढं घरातल्यांची नावं आठवेनात. पेढीनं त्यांना हार घालून घरी पाठवलं आणि मालकीणबाई शिलाईच्या यंत्रावर बसल्या. घर एकाच हातावर उभं होतं. तो हात गेल्यावर काय होतं, ते मी खणात पडल्या पडल्या ऐकत होतो. यंत्र सकाळपासून जे सुरू व्हायचं ते थांबायचंच नाही.

त्या खणातून मला बाहेर काढलं त्यांच्या मुलानं. त्याला मी मनात धाकटा म्हणतो. राख लावून त्यानं मला घासलं, लख्ख केलं आणि त्याच पेढीवर घेऊन गेला. बापाची जीभ त्यानं अगदी तश्शी उचलली होती. नाक तर असं, की जिन्यातूनच सांगायचा, "वरच्या काकूंचं दूध उतू गेलंय."

पुढं एका सकाळी त्यानं भुरका मारला आणि लगेच थुंकला. मधली उसंत नव्हती.

मला धस्स झालं. मी काही डॉक्टर नाही. सर्दी असेल, असं मी स्वतःला समजावलं. उन्हाळा आला, गेला. सर्दी गेली नाही.

आणि त्याचं लग्न झालं.

सूनबाई एका प्रयोगशाळेत रक्त तपासायची. बोलणं कमी, बघणं जास्त. घरात आल्यावर तिनं खुर्चीतल्या सासऱ्यांचा तो हात पाहिला. मालकीणबाई घाईघाईनं म्हणाल्या, "वय झालंय गं त्यांचं." सूनबाईनं मान डोलावली. पण बघणं काही थांबवलं नाही.

धाकट्याला दुसऱ्या गावच्या मोठ्या पेढीवर मुख्य चाखणाऱ्याची जागा मिळाली. सूनबाईनं आपली नोकरी सोडून त्याच्यासोबत जायचं, असं ठरलं. राजीनामा तिच्या फोनमध्ये लिहून तयार होता, पाठवायचा तेवढा बाकी होता. त्याआधी आठवडाभर दोघं एका मोठ्या शहरात सुट्टीला निघाली. धाकट्यानं मला खिशात टाकलं.

माझा सगळा जीव त्या न पाठवलेल्या राजीनाम्यात अडकला होता. पाठवायच्या आत तिला कळायला हवं होतं. पण सांगणार कोण? मला तोंड नाही, आणि ज्याला होतं तो गप्प होता.

"लोक सुट्टीत ऑफिस घरी ठेवतात," गाडीत सूनबाई म्हणाली. "तू खिशात घालून आणलंस." घरात ती त्याला अहो-जाहो करायची, गाडी सुटल्यावर तिनं पहिल्यांदाच 'अरे' म्हणून पाहिलं होतं, आणि ते दोघांनाही आवडलं होतं.

"सवय गं," धाकटा हसला. खिशात त्याची बोटं माझ्याभोवती आवळलेली होती. अंगठा माझ्या दांड्यावर घासत होता. वर, खाली. वर, खाली. ती चाल माझ्या ओळखीची होती.

सूनबाईला तळ्यात होडीत बसायचं होतं, संग्रहालय बघायचं होतं. धाकट्यानं मात्र चहाची दुकानं शोधून काढली. सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक. "या शहरात येऊन चहाखाने नाही बघायचे, मग बघायचं काय?" तो म्हणायचा. सूनबाईला वाटलं, धंद्याचं वेड आहे. मलाही आधी तेच वाटलं. पण दुसऱ्या दिवशी संग्रहालयाच्या दारातूनच तो परत फिरला, तेव्हा माझ्या लक्षात आलं. संग्रहालयात हातांना काम नसतं. ते नुसते लोंबत राहतात. होडीत ते मांडीवर पडून राहतात. चहाच्या दुकानात मात्र सतत काहीतरी उचलायचं असतं. पेला, किटली, बशी, चमचा. या शहरात हात लपवायला त्याहून चांगली जागा नव्हती.

पहिलं दुकान मोठं झोकदार होतं. काचेच्या किटल्या, पांढरे रुमाल, आणि वाढणारा असा अदबीनं वाकायचा की त्याला चहापेक्षा पाठदुखीचं औषध द्यावंसं वाटे. धाकट्यानं मला बुडवलं, भुरका मारला. शेजारच्या टेबलावरच्या आजी दचकल्या.

"अरे, हळू," सूनबाई पुटपुटली. "त्यांना वाटलं नळ आला."

"फुलांचा वास आहे," धाकटा म्हणाला. "मंद. वा!"

सूनबाईनं आपल्या पेल्यातला घोट घेतला. पेले नीट विसळलेले नव्हते. चहाला भांड्याच्या साबणाचा वास मारत होता, तोही लिंबाचा. माझ्या अंगालाच तो चिकटला होता, मला कसा कळणार नाही? तिनं पेला खाली ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं.

एका नमुन्यावरून निष्कर्ष काढायचा नाही, ही तिच्या कामातली सवय. पुन्हा तपासायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते एका अरुंद गल्लीतल्या चहाखान्यात गेले. तिथले पेले आतून काळेभोर, चहाचा रंग दिसायची सोय नाही. धाकटा हात धुवायला उठला. जाताना मला बशीवर ठेवून गेला. तो वळल्याबरोबर सूनबाईनं वाढणाऱ्या बाईला विचारलं, "तुमच्याकडे सगळ्यात उग्र वासाचा चहा कुठला?"

"धुरावलेला आहे. पण ताई, तो सगळ्यांना सोसत नाही. आमच्या मालकांची सासू म्हणते, चुलीत तोंड घातल्यासारखं वाटतं."

"तोच द्या. आणि एक साधा, हलका."

तिनं धुराचा चहा त्याच्या पेल्यात ओतला. सगळं टेबल धुरकट वासानं भरलं. मागच्या बाकावरच्या माणसानं वळून पाहिलं, कुठं काही पेटलंय का म्हणून. धाकटा आला, बसला, मला उचललं, भुरका मारला आणि लगेच गिळला.

"हा कुठला?" सूनबाईनं विचारलं. आवाज साधाच होता, पण पदराचं टोक तिनं मुठीत धरलं होतं.

"कोवळी पत्ती," धाकटा म्हणाला. "हलका. ताज्या गवतासारखा."

सूनबाई हसली नाही. तिनं त्याचा पेला आपल्याकडे ओढला आणि तो सगळा चहा, डोळ्यांत पाणी येईतो, स्वतः पिऊन टाकला. का, ते मला तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, उरलेला चहा पाहून वाढणाऱ्या बाईनं 'धूर सोसला नाही का?' असं विचारलं, तर तिच्यासमोर तो उघडा पडू नये म्हणून.

त्यानंतर तिनं त्याच्या नाकाकडे बघणं सोडलं आणि हाताकडे बघू लागली. धाकट्याला ते जाणवलं असावं. तो पेला रिकामा झाला तरी धरून ठेवायचा. रस्त्यानं चालताना मला खिशात इतका दाबायचा, की त्याच्या तळव्याचा घाम माझ्या पोटात साचायचा. आणि रोज, एखादं दुकान झालं की, सहज विचारल्यासारखं विचारायचा, "पाठवलास का गं राजीनामा?"

"पाठवते."

"आईचा फोन आला होता. म्हणत होती, एकदाचं मार्गी लागू दे."

"पाठवते म्हटलं ना."

शेवटच्या दिवशी गाडीला अवकाश होता, म्हणून ते बस थांब्याजवळच्या एका साध्या दुकानात बसले. पत्र्याचं टेबल, जाड काचेचे पेले, बाहेर लख्ख ऊन. सूनबाईनं फोन काढला. राजीनामा उघडला. मला तिचा अंगठा दिसत होता, पडद्याच्या अगदी वर. धाकट्यालाही दिसला. त्यानं सुटकेचा निःश्वास टाकला. आठवडाभर आवळून धरलेलं सगळं त्या एका श्वासात सैल पडलं, आणि मला धरलेला हात त्यानं टेबलावर टेकवला.

टिक. टिक. टिक. टिक.

माझा काठ बशीवर वाजत होता. मी वाजवत नव्हतो. माझी इच्छा होती म्हणून काही मी वाजत नव्हतो. तो हात मला वाजवत होता.

सूनबाईचा अंगठा थांबला.

"थंडी वाजतेय," धाकटा म्हणाला.

"उन्हात बसलोय आपण."

टिक. टिक. टिक.

"वास कधीपासून येत नाही तुला?"

धाकट्यानं बाहेरच्या बसकडे तोंड फिरवलं. "वर्ष झालं."

"म्हणजे लग्नाच्या आधीपासून."

"हो."

"आणि हात?"

"हात... नंतर."

"बाबांचंही असंच सुरू झालं होतं?"

त्यानं होकारार्थी मान हलवली.

"आईंना माहीत आहे?"

"आई म्हणाली, लग्न झालं की सगळं ठीक होतं."

"मी काय काढा आहे का, सकाळ-संध्याकाळ घ्यायला?" सूनबाई म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. चढवला असता तर बरं झालं असतं, असं धाकट्याचा चेहरा म्हणत होता. "डॉक्टरकडे गेलास?"

"गेलो, तर तो नाव सांगेल ना त्याचं."

फोनमधला राजीनामा तिनं पुसून टाकला. त्याला दिसेल असा, त्याच्यासमोर. "नोकरी मी सोडणार नाही," ती म्हणाली. "तुझ्या नव्या पेढीला तू काय सांगायचं ते तू ठरव. आधी उद्या डॉक्टर. मी येते सोबत. त्याच्यापुढचं आत्ता विचारू नकोस. मला माहीत नाही."

मग तिनं त्याच्या बोटांतून मला सोडवलं. एकेक बोट उघडावं लागलं. मला तिनं टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवलं. त्याचा हात पत्र्यावर उताणा, रिकामा पडला, आणि अंगठा तर्जनीवर घासू लागला. धाकटा तो मांडीखाली घालू लागला.

"असू दे," सूनबाई म्हणाली. "बघू दे मला."

ती बघत राहिली. आत्तापर्यंत चोरून बघत होती, आता उघड बघत होती. त्यानंही हात तसाच ठेवला. मला वाटतं, लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच ती दोघं एकाच गोष्टीकडे बघत होती.

गाडीची वेळ झाली तेव्हा दोघं उठली. सूनबाई पुढं, धाकटा मागं. त्याचा हात बाजूला लोंबत होता, थरथरत, भर रस्त्यात, लोकांच्या देखत. मी टेबलावरच राहिलो. विसरले की मुद्दाम ठेवून गेले, कोण जाणे. डॉक्टरनं काय सांगितलं, ती त्याच्याजवळ राहिली की नाही, हे मला कधीच कळणार नाही. सर्दीच निघालेली असो, असं मी अजून म्हणतो. पण माझा त्यावर विश्वास नाही.

आता मी इथलाच झालो आहे. पत्र्याच्या डब्यात, दहा वाकड्या चमच्यांसोबत उभा असतो. चांदी काळी पडली, कुणी ओळखत नाही. भुरका मारायला कुणी घेत नाही. दिवसभर साखर ढवळतो. माणसं येतात, एकमेकांसमोर बसतात, हवापाण्याच्या गप्पा मारतात. मी त्यांची तोंडं बघत नाही. हात बघतो.

तुमच्याकडे माझं एवढंच मागणं आहे. कधी या शहरात आलात, या दुकानात बसलात आणि मी हाती लागलो, तर मला घट्ट धरून बसू नका. काम झालं की खाली ठेवा. समोर आपलं माणूस असेल तर हात टेबलावर मोकळा सोडा आणि त्याला बघू द्या. नंतर बघण्यापेक्षा ते बरं.

काल एक गिऱ्हाईक आलं होतं. तरणाताठा, नवा कोरा शर्ट, समोर त्याची बायको, तिच्या मांडीवर शहराचा नकाशा. ती होडीचं विचारत होती. तो तिच्याकडे बघून हसत होता आणि मला पेल्यात गोल गोल फिरवत होता, कितीतरी वेळ. चहा बिनसाखरेचा होता.