देईन तर दोन्ही देईन

"देईन तर दोन्ही देईन," काजवाली म्हणाली आणि शर्टाचं काज पुरं करून तिने दातांनी दोरा तोडला.

चष्म्याच्या दुकानदाराने खोक्यात पुन्हा डोकावून पाहिलं. मांजराचं सोनेरी पिल्लू ऐटीत पंजा चाटत होतं. दुसरं राखाडी, एक डोळा चिकटलेला, कोपऱ्यात पिळून टाकलेल्या फडक्यासारखं पडलेलं.

"अहो बाई, मुलीला सोनेरी हवंय. हे नेऊन मी काय करू?"

"तुमचा धंदाच डोळ्यांचा. काच बसवा त्याला एक."

दुकानदार हसला. हसलेलं गिऱ्हाईक सोडायचं नसतं, एवढं तिला कळत होतं.

"एकटं नेलंत तर रडून झोपू देणार नाही. जोडीला जोडी असली की आपापसांत रमतात."

तो खोकं काखोटीला मारून गेला. गल्लीत कुणी पिल्लं टाकली की ती फिरून हिच्याच दारात यायची. आपल्या चहातलं दूध बाजूला काढून, पाणी घालून, चिंधीच्या वातीने ती पाजायची. थोरल्या दिरांनी या खेपेला बजावलं होतं, "शनिवारी खोकं दिसलं तर मी उचलून बाहेर ठेवीन." घर त्यांचं होतं.

समोर बटणं लावत बसलेली ताई हसली. ताई सख्खी बहीण, आणि जाऊही.

"खपवलंस गं. चांगल्याबरोबर डागी माल."

"बाबांनी मला तसंच खपवलं की. मागणी तुला आलेली. आखूड पायाची मी, मला कोण विचारतंय? पण बाबा अडून बसले, देईन तर दोघी देईन. दोन भाऊ, दोन बहिणी."

ताईने पुढचं बटण घेतलं. धाकट्या भावाने, काजवालीच्या नवऱ्याने, सोबत आलेली बायको वर्षभर सांभाळली आणि कामाच्या नावाखाली जो गेला, तो गेलाच. तेव्हापासून दीर कधी वावगं बोलले नव्हते. फक्त जेवणाची पानं मांडायला घेतली की त्यांच्या हातून एक पान कमी मांडलं जाई, आणि ताई ते मुकाट्याने मांडी.

आठवडा गेला. चष्म्याची काडी सैल झाल्याचं निमित्त करून काजवाली दुकानात गेली. आरशाखालच्या मखमलीवर सोनेरी पिल्लू ताणून झोपलं होतं.

"आणि राखाडी?"

दुकानदार एकच काच पुसत राहिला. "गेलं हो कुठेतरी. मांजराची जात, कोण धरून ठेवणार?"

"त्याला धड चालता येत नव्हतं."

त्याने काडी घट्ट करून दिली. काडीचे पैसे मात्र नको म्हणाला. तिने ते काउंटरवर ठेवले.

दुकानामागच्या गटाराशी खोकं सापडलं. आत तिनेच अंथरलेली चिंधी होती, आणि चिंधीवर ते. एव्हाना ताठ झालेलं. बाहेर पडायलाही त्याला जमलं नव्हतं.

खोकं घेऊन ती घरी आली. ताईने मागच्या दारी खुरपं आणून ठेवलं.

पुढच्या महिन्यात पुन्हा दोन आली. पट्टेवालं धडधाकट, काळं अशक्त, मागचे पाय ओढणारं. शेजारची नर्स पट्टेवालं पाहून हरखली.

"दुसरंही न्यावं लागतं ना? ऐकलंय मी तुमचं."

काजवालीने काळं पिल्लू उचलून मांडीवर घेतलं.

"नाही. एकच न्या."

ताईच्या सुईतून दोरा निसटला.

शनिवारी दीर जेवायला आले आणि कोपऱ्यातल्या खोक्यापाशी थांबले.

"हे कधी जाणार?"

"हे जाणार नाही," काजवाली म्हणाली. "त्याचं दूध माझ्या चहातलं. जाईल तर माझ्याबरोबर जाईल."

दिरांनी बायकोकडे पाहिलं. ताई पानं मांडत होती. नेहमी राहून जाणारं बहिणीचं पानही तिने मांडलं. मग फळीवरून दुधापुरतं बाटलीचं एक झाकण काढलं, पदराला पुसलं आणि त्या पानाशेजारी ठेवलं.