सरुबाईंचं एक मिनिट

वाघोलीत ज्याला सरुबाईंचं तोंड माहीत नाही, तो माणूस एक तर कालच राहायला आलेला असतो, नाही तर बहिरा असतो. वयाची सदुसष्ट वर्षं झाली, दोन दाढा पडल्या, तरी जिभेची धार तसूभर कमी झाली नव्हती. समोरच्याचं वाक्य निम्म्यावर आलं की त्या पुरतं उत्तर देऊन मोकळ्या. उरलेलं निम्मं ऐकायचं कशाला? माणसानं तोंड उघडलं की आत काय शिजतंय ते वासावरून कळतंच की.

ह्या सवयीपायी नात तनुजाची दोन स्थळं हातची गेली होती. पहिल्या बैठकीत मुलाचे मामा म्हणाले, "मुलगी जराशी सावळी..." तेवढ्यात सरुबाईंनी हाणलं, "तुमचा पोरगा काय खडूच्या कारखान्यातनं आलाय?" मामा बिचारे म्हणणार होते, जराशी सावळी असली तरी आमच्या पोरापुढं उजेडच आहे. पण ते त्यांनी फाटकाबाहेर सांगितलं, चपला घालता घालता. दुसऱ्या बैठकीत मुलाच्या आईनं विचारलं, "स्वयंपाकाचं काय..." सरुबाई म्हणाल्या, "सैपाकीण पाहिजे असंल तर खानावळीत विचारा." त्या बाईंच्या घरी स्वयंपाकाला दोन बायका होत्या. परक्या हातचं चालतं ना, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

त्या दोन्ही वेळी तनुजानं फारसं मनाला लावून घेतलं नाही. दोन्ही पोरं तिला तशीही पसंत नव्हती. तिसऱ्याची गोष्ट मात्र निराळी होती. रणजित कात्रजचा, हार्डवेअरच्या दुकानाचा मालक, चार शब्दांत दिवस काढणारा. सरुबाईंच्या इमारतीत खालच्या गाळ्यात सिराजभाईंचा बॉक्सिंगचा क्लास होता, आणि तनुजा तिथं संध्याकाळी मुलींना शिकवायची. तिथं हा रणजित एकदा छताला हूक बसवायला आला, आणि मग चार महिने त्या हुकाची चौकशी करायला येत राहिला. हूक अजून पक्का होता. पोरगाही.

बैठक ठरली, रविवारी सकाळी. त्याच्या बारा दिवस आधी सर्जेराव, सरुबाईंचा मुलगा आणि तनुजाचा बाप, आईपुढं येऊन उभा राहिला.

"आई, त्या रविवारी तू थेऊरला दर्शनाला जाऊन ये. गाडी सांगतो."

"त्या रविवारी? आरं, त्या दिवशी तर बैठक हाय."

"म्हणूनच."

सरुबाईंच्या हातातला चहा हातातच राहिला. नवरा गेल्यापासून पंचवीस वर्षं ह्या घरातली एक सुपारी त्यांच्याशिवाय फुटली नव्हती. पुतण्यांची लग्नं, भाचीचं दुसरं लग्न, शेजारच्या गेनबाच्या पोराचं पळून जाऊन मग रीतसर केलेलं लग्न, सगळ्या बैठकांना मधली जागा सरुबाईंची. आणि आता पोटचा पोरगा सांगतो, देवाला जा!

"मी काय येडी हाय का लोकांपुढं बसवायला?"

"येडी असतीस तर बसवली असती," सर्जेराव म्हणाला, आणि शहाणा असल्यामुळं लगेच बाहेर पडला.

तनुजा कोपऱ्यात बसून हाताच्या पट्ट्या गुंडाळत होती. ती म्हणाली, "आजी, मी पप्पांना पटवते. पण एक अट. खाली क्लासमध्ये स्पीड बॅग आहे ना, ती एक मिनिट न थांबता वाजवून दाखव. वाजवलीस तर बैठकीत मधली खुर्ची तुझी."

"ती दुधी भोपळ्यासारखी टांगलीय ती?"

"तीच."

"एवढंच? शेणाच्या गोवऱ्या थापल्यात मी, चार चार पाट्या. भोपळा कसला दाखवतीस मला?"

दुसऱ्या दिवशी दुपारी क्लास रिकामा असताना सरुबाई खाली उतरल्या. नऊवारीचा पदर खोचलेला, चष्मा दोऱ्यानं मागं बांधलेला. लाकडाच्या गोल फळीखाली ती चामड्याची पिशवी लटकत होती, आत हवा भरलेली, बुडाशी फुगीर. उंची पुरेना म्हणून सिराजभाईंनी लहान मुलांचा लाकडी खोका आणून ठेवला. पन्नाशीचा माणूस, पुण्याच्या कॅम्पात जन्मलेला, बोलणं मोजकं. घरमालकीण म्हणून घाबरायचा नाही आणि वयानं मोठी म्हणून उलट बोलायचा नाही. असा भाडेकरू मिळायला नशीब लागतं.

सरुबाईंनी दात-ओठ खाऊन एक गुद्दा दिला. पिशवी फळीवर आपटली, आडवी उडाली, गिरकी घेऊन आली आणि सरळ सरुबाईंच्या नाकावर बसली.

"मेली उलट मारती की!"

"तू जोरात मारलीस म्हणून," तनुजा म्हणाली. "आजी, जोर नकोच इथं. मूठ सैल. खांदे खाली. कोपर वर, आणि हाताचा छोटासा गोल फिरव, बस. नुसता स्पर्श करायचा."

"सैल हातानं मारलेलं लागतं व्हय कुणाला?"

"लागायचंय कुणाला? ती चालू राहिली पाहिजे, एवढंच."

हे काही सरुबाईंना पटलं नाही. जे लागत नाही ते मारणं कसलं? पहिले तीन दिवस त्यांनी आपल्याच पद्धतीनं चालवलं. एकेक गुद्द्याला एकेक नाव. हा पाण्याच्या टँकरवाल्याला. हा धाकट्या जावेला. हा त्या 'सावळी' म्हणणाऱ्या मामाला. नावं संपत नव्हती, पण पिशवी दुसऱ्या गुद्द्याच्या पुढं जात नव्हती. तीन दिवसांत नाकाला दोनदा, चष्म्याला एकदा आणि मनाला कितीदा लागलं त्याची मोजदाद नाही. खांदे तर असे धरले की वेणी सुनेकडून घालून घ्यावी लागली.

चौथ्या दिवशी तनुजानं त्यांना हात खाली घ्यायला लावले. "आता नुसतं ऐक." तिनं पिशवीला हळूच एक टिचकी दिली. पिशवी मागं जाऊन फळीवर वाजली, पुढं येऊन वाजली, पुन्हा मागं वाजली, आणि तिच्या मुठीपुढं आली. तिनं पुन्हा टिचकी दिली. ठक ठक ठक, टिचकी. ठक ठक ठक, टिचकी.

"कळलं? ती तीनदा बोलते, मग तू एकदा बोलायचं."

"तीनदा?" सरुबाईंचे डोळे मोठे झाले. "माझ्याच जागेत लटकून माझ्यापेक्षा तिप्पट बोलणार?"

"हो."

"आणि मी ऐकून घ्यायचं?"

"तू पहिल्या ठोक्यालाच उत्तर देतेस, आजी. म्हणून ती तोंडावर येते."

सिराजभाई कोपऱ्यात दोऱ्या गुंडाळत होते. मान वर न करता म्हणाले, "आजी, वरच्या मजल्यावरनं आपला आवाज येतो ना, त्यावरनं मला वाटलंच होतं, हे जरा अवघड जाणार."

"तुला विचारलं कुणी?"

"नाही विचारलं," सिराजभाई म्हणाले, आणि दोऱ्या गुंडाळत राहिले.

सरुबाई रागावून वर निघून गेल्या. पण रात्रीचं जेवताना सर्जेराव काही सांगायला लागला, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की आपण घास तोंडात असतानाही त्याचं वाक्य मधेच तोडलं. तो गप्प झाला. सून गप्प झाली. सगळं घर ताटात बघून जेवत होतं. एवढ्या वर्षांत त्यांना वाटायचं, आपल्या बोलण्याला ह्यांच्याकडं उत्तर नाही. असंही असू शकेल, की ह्यांचं अजून बोलून झालेलं नाही, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. ते त्यांना आवडलंही नाही. त्यांनी भाताचा घास जरा जोरातच कालवला.

पाचव्या दिवशी त्या कुणाला न सांगता सकाळीच खाली उतरल्या. खांदे सोडले. मूठ अशी धरली, जशी मुठीत चिमणीचं पिल्लू आहे. आणि हळूच टिचकी दिली. ठक, ठक, ठक. हात शिवशिवत होता, पण थांबवला. आणि गंमत बघा, पिशवी आपणहून येऊन मुठीखाली उभी राहिली. जणू म्हणत होती, आता मार. सरुबाई मिशीत हसल्या, म्हणजे मिशी असती तर. धावून जायची गरजच नव्हती. थांबलं की येतंय आपोआप हाताखाली! मग त्यांना चटक लागली. पाच ठोके, दहा, वीस. कधी चुकायचं, पिशवी तिरकी जायची. तेव्हा त्या शिवी गिळायच्या, पिशवी हातानं स्थिर करायच्या आणि पुन्हा सुरू. नावं घ्यायचं बंद झालं. नाव घेतलं की मनगट आवळतं आणि मनगट आवळलं की ताल जातो, हे त्यांचं त्यांनाच उमगलं.

बैठकीच्या आदल्या दिवशी परीक्षा. सिराजभाईंच्या हातात घड्याळ.

"सिराज, तुझ्या घड्याळात मिनिट केवढं असतं रं?"

"आपल्या घड्याळात जेवढं असतं, आजी, तेवढंच."

सुरुवात झाली. ठक ठक ठक, टिचकी. दहा सेकंद. वीस. तीस. फळी तबल्यासारखी बोलत होती. चाळीस झाले आणि दारात सर्जेराव उभा राहिला. आईला खोक्यावर चढलेली बघून त्याच्या तोंडून निघून गेलं, "आई, हे काय..."

"तू गप!" सरुबाई म्हणाल्या, आणि पिशवी थाडकन हनुवटीवर आली.

"त्रेचाळीस," सिराजभाई म्हणाले.

सरुबाईंनी हनुवटी चोळली. पदर पुन्हा खोचला. दुसरी कुणी बाई असती तर म्हणाली असती, पोरामुळं चुकलं, हे धरू नका. त्या नाही म्हणाल्या. चूक कुणाची ते त्यांना बरोबर कळलं होतं, आणि म्हणूनच त्या जास्त चिडल्या होत्या.

"पुन्यांदा लाव घड्याळ."

तनुजानं बापाच्या कानात काहीतरी सांगितलं. सर्जेरावाच्या तोंडावर लहानपणीचं हसू आलं, कैऱ्या चोरतानाचं.

ठक ठक ठक, टिचकी. वीस सेकंद झाल्यावर सर्जेराव म्हणाला, "आई, रणजितच्या आत्या आहेत ना, मुक्ताई, त्यांच्या हातच्या पुरणपोळ्या म्हणे तुझ्याहून मऊ असतात."

ठक ठक ठक, टिचकी.

"आणि सगळं कात्रज म्हणतं, आमटी तर त्यांचीच."

सरुबाईंच्या गळ्याची शीर उडाली. मनगट सैलच होतं. ठक ठक ठक, टिचकी.

"परवा धाकटी काकूसुद्धा म्हणत होती, खरं आहे म्हणून."

"साठ," सिराजभाई म्हणाले. पण सरुबाई थांबल्या नाहीत. सत्तर झाले, पंचाहत्तर झाले. मग त्यांनी पिशवी दोन्ही हातांनी धरली, खोक्यावरून उतरल्या, चष्मा सोडला आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "हं. तर कोण काय म्हणालं?"

रविवारी मधली खुर्ची त्यांची होती.

कात्रजहून आठ माणसं आली. रणजितचे आई-वडील साधे, पण बोलायचा मान मुक्ताई आत्यांचा. धिप्पाड बाई, हातभर बांगड्या. सरुबाईंची कीर्ती त्यांच्या कानावर गेलेली होती, त्यामुळं कंबर कसूनच आल्या होत्या. पोहे झाले, चहा झाला. मुक्ताईंनी कप ठेवला.

"मुलगी आम्हाला पसंत आहे. फक्त लग्नानंतर हे बॉक्सिंग-बिक्सिंग बंद करावं लागेल."

सर्जेरावानं डोळे मिटले. रणजित तोंड उघडणार, तेवढ्यात बापानं त्याचा गुडघा दाबला. सगळ्यांच्या माना सरुबाईंकडं वळल्या.

सरुबाईंनी चहाचा घोट घेतला.

मुक्ताई थांबल्या. त्यांनी उत्तराला उत्तर तयार करून आणलं होतं, ते घशातच अडकलं. "म्हणजे, लोक बोलतात हो," त्या म्हणाल्या. "सुनेनं गुद्दे मारायचे, हे बरं दिसत नाही."

सरुबाईंनी मान हलवली. हो पण नाही आणि नाही पण नाही. हात मांडीवर, मूठ सैल.

"तशी आजकाल मुली काय काय करतात. नाही असं नाही." मुक्ताईंनी पदरानं कपाळ टिपलं. पंखा तर फिरत होता. "आणि घरात कुणाची हरकत आहे असंही नाही. रणजितची तर नाहीच. दादा-वहिनींची पण नाही. माझीच आपली एक..." त्या थबकल्या. सगळ्यांपुढं आपणच काय बोलून बसलो, ते त्यांच्या ध्यानात आलं.

आता हाताखाली आलं होतं. सरुबाईंनी हळूच टिचकी दिली.

"मग आत्याबाई, कुणाची हरकत नसताना बंद कुणासाठी करायचं?"

मग रणजितचा बाप हसला, मग आई हसली, आणि शेवटी मुक्ताई, दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं म्हणून, म्हणाल्या, "बरं बाई, करू दे. पण सणावाराला नाही हं."

"सणावाराला मीच जाऊ देणार न्हाई," सरुबाई म्हणाल्या.

सुपारी फुटली. पेढे वाटले, मुहूर्त ठरला. फाटकापर्यंत पोचवायला सगळं घर आलं. मुक्ताई गाडीत बसल्या, काच खालीच होती, आणि भावजयीला म्हणाल्या ते रस्त्यापलीकडं ऐकू जाईल अशा आवाजात. "लोकांनी उगाच भीती घातली होती गं. म्हातारी अगदीच गरीब आहे. तोंडातून शब्द फुटत नाही बिचारीच्या."

गरीब! सरुबाईंना! जन्मात कुणी एवढी मोठी शिवी दिली नव्हती. कान तापले, मान ताठ झाली, पाऊल पुढं पडलं. सर्जेराव पुटपुटला, "आई, आई, आई." तनुजानं आजीचा दंड धरला, पण धरायची गरज पडली नाही. सरुबाई हसल्या. हात हलवून निरोप दिला. गाडी नगर रोडच्या गर्दीत दिसेनाशी होईपर्यंत हलवत राहिल्या.

मग वळून म्हणाल्या, "सर्जा, मुहूर्त किती वाजताचा म्हणाले?"

"बारा पस्तीसचा."

"म्हंजे अक्षता पडून पाऊण वाजंल." त्यांनी बोटांवर हिशोब केला. "एक वाजता मुक्ताईला जेवायला माझ्या शेजारी बसव."