निळ्यांची भाषा

"आई, निळ्यांची राणी मरते तेव्हा तू हसतेस का?"

प्रश्न ठिणगीचा नव्हता. तो तिच्या दोन मैत्रिणींनी, चष्मिसने आणि लंबूने, तिच्या गळ्यात मारला होता. रविवारी तिघी ठिणगीच्या घरी "सातव्या सूर्याचे रखवालदार" ही निळ्या परग्रहवासीयांची मालिका बघत होत्या. राणीने अखेरचा श्वास घेतला, चष्मिसने चष्मा काढून डोळे पुसले, लंबूने उशी दातांत धरली, आणि नेमकं त्याच क्षणी पलीकडच्या खोलीतून, शिवणयंत्राच्या मागून, फिस्सकन हसू आलं. तेही एकदा नाही, तीनदा! तेव्हापासून दोघी ठिणगीच्या मागे लागल्या होत्या. विचार म्हणजे विचार. आज गुरुवार उजाडला तरी ठिणगी टाळत होती, म्हणून लंबूने सरळ धमकी दिली होती: "आज विचारलं नाहीस तर शनिवारी तुझ्या टेबलावर आम्ही बसणार नाही."

शनिवारी शाळेत छंदांचं प्रदर्शन होतं. गेल्या वर्षापर्यंत ठिणगी अशा गोष्टींत टेबलं उचलायला असायची. यंदा तिने स्वतः हात वर केला होता, तोही सगळ्यांच्या आधी, आणि नोंदवहीत आपलं नाव इतकं मोठं लिहिलं होतं की खालच्या मुलाला कोपऱ्यात लिहावं लागलं.

मांडायला काय कमी होतं? बाबा वायरमन. त्यांच्या भंगारातल्या टेबलफॅनच्या जाळीचं शिरस्त्राण झालं होतं. बंद पडलेल्या ड्रिलची किरणबंदूक झाली होती. बाबांच्या जुन्या रेनकोटाचं जाकीट झालं होतं आणि त्याच्या पाठीवर चंदेरी दोऱ्याने, साखळी टाक्यात, निळ्यांची युद्धघोषणा भरलेली होती. ती निळ्यांच्या लिपीत होती. मालिकेत लिपी दाखवत नाहीत, म्हणून ठिणगीने स्वतः बनवली होती. आणि सगळ्यांत वर होता शब्दकोश. दोनशे पानी वही, चारशे बारा शब्द. निळे बोलतात तेव्हा खाली अर्थ येत नाही, आवाजही विहिरीतून आल्यासारखा घुमतो. ठिणगीने एकेक भाग सहा-सहा वेळा ऐकून शब्द टिपले होते आणि प्रसंग बघून अर्थ लावले होते. प्रस्तावनेत पहिलंच वाक्य होतं: "निळ्यांच्या भाषेतला प्रत्येक शब्द 'च'पासून सुरू होतो, कारण त्यांच्या ग्रहावर 'च' हा पवित्र ध्वनी असावा."

तर प्रश्न विचारून झाला. आईने यंत्राचा पाय उचलला, कुणाची तरी पँट बाहेर काढली, दोरा दाताने तोडला. म्हणजे वेळ काढला.

"हसले असेन कशाला तरी."

"आई, तीनदा हसलीस. लंबूने मोजलंय."

"अगं, ती मरताना काय बोलली ते ऐकलंस का?"

"ऐकलंस का म्हणजे? माझ्या वहीत आहे!" ठिणगीने वही आणली आणि बोट ठेवून, राणीचाच कापरा आवाज काढून वाचलं, "'चपडेक चाळतव चालघ.' अर्थ: 'आकाशाला माझा निरोप द्या.'"

आईने तोंडाला पँट लावली. खांदे गदगदा हलायला लागले. ठिणगीला आधी वाटलं, रडतेय.

"कपडे," आई कशीबशी म्हणाली, "कपडे वाळत घाल."

"आत्ता?"

"आत्ता नाही गं! राणी म्हणतेय. कपडे वाळत घाल."

ठिणगीने आईकडे बघितलं, मग वहीकडे, मग परत आईकडे. आईला बरं नाही की काय, अशी शंका येऊन तिने कपाळाला हातही लावून बघितला. आईने तो हात झटकला आणि खडूने टेबलावर लिहून दाखवलं. पहिलं अक्षर काढायचं. त्याच्या जागी 'च' बसवायचा, काना-मात्रा तशीच ठेवून. काढलेलं अक्षर शेवटी चिकटवायचं. कपडे, चपडेक. घाल, चालघ.

"च-ची भाषा," आई म्हणाली. "मी आणि मावशी लहानपणी दिवसभर हेच बोलायचो. मोठ्या माणसांसमोर गुपितं सांगायला. तुम्हाला कशाला लागते? तुम्ही समोरासमोर बसूनसुद्धा फोनवर लिहिता."

ठिणगीच्या डोक्यात पंखा उलटा फिरायला लागला. म्हणजे आई परग्रहवासीयांची भाषा जाणते. नाही, परग्रहवासी मावशीची भाषा बोलतात. नाही, असंही नाही. मग निळे कोण?

"हा शब्द सांग," तिने भराभर पानं उलटली. "'चारद चावल.' सेनापती म्हणतो. मी लिहिलंय, 'हल्ला करा', कारण त्यानंतर दरवेळी धडाम आवाज होतो."

"दार लाव."

धडाम आवाज दाराचा होता. चौदा भाग तो दाराचाच होता.

"'चिंचरव'? सैनिकाला पदक देताना म्हणतो. मी लिहिलंय, 'शूरवीर'."

"विंचर. केस बघ की त्याचे."

तेवढ्यात बाबा आले. खांद्यावरची वायरची भेंडोळी उतरवता उतरवता त्यांनी विचारलं, "काय चाललंय?"

"बाबा, आईला निळ्यांची भाषा येते!"

"मला लग्नातच शंका आली होती," बाबा म्हणाले आणि पाणी प्यायला लागले. पण खडूने लिहिलेलं वाचून त्यांचा पेला अर्ध्यावर थांबला. "एक मिनिट. तू आणि तुझी बहीण माझ्यासमोर हे असंच बोलायचात ना? मला वाटायचं, तुमच्या घरची बोली असेल. मी आपला हसून मान डोलवायचो. काय बोलायचात माझ्याबद्दल?"

"चाहीक चाहीन," आई म्हणाली.

बाबा भिंतीकडे बघत ओठ हलवून अक्षरं उलटसुलट करायला लागले. सोळा वर्षांचा हिशेब होता, वेळ लागणारच.

ठिणगीला मात्र हसू येईना. रडूही येईना, आणि यातलं काय यायला हवं तेच समजेना. तिने हळूच जाकीट आणलं आणि आईसमोर त्याची पाठ पसरली. "यावर मी सगळ्यांत मोठी घोषणा भरलीये. युद्धाला निघताना सगळे निळे हात वर करून ओरडतात ती. 'चूकभ चागलील.' मी अर्थ लावलाय, 'तारे आपले आहेत.'"

आई या वेळी हसली नाही. खालचा ओठ दातांत धरून तिने चंदेरी टाक्यांवरून बोट फिरवलं. टाके एकसारखे होते, मागची बाजूही स्वच्छ होती.

"सांग ना."

"भूक लागली," आई हळूच म्हणाली.

मग बाबांच्याच तोंडून फुर्रकन निघालं आणि ते घाईघाईने वायर गुंडाळायला लागले.

"तुला माहीत होतं," ठिणगी म्हणाली. "वर्षभर! मी इथे बसून वही भरत होते आणि तू पलीकडे बसून हसत होतीस!"

"वर्षभर नाही गं. यंत्राच्या आवाजात मला कुठलं नीट ऐकू येतंय? महिना झाला असेल. आधी वाटलं, माझेच कान वाजतायत." आईने जाकिटाची घडी घातली, मोडली, परत घातली. "आणि सांगणार कशी? गेल्या वर्षी तू जेवताना एवढंच बोलायचीस, 'मीठ दे.' आता पोळी गार होईपर्यंत निळ्यांचं व्याकरण सांगतेस. ते बंद पडलं असतं तर?"

ठिणगीने फोन हातात घेतला. तो मघापासून थरथरत होता. चष्मिस: "विचारलंस?" लंबू: "काय म्हणाली???" चष्मिस: "जिवंत आहेस ना?" ठिणगीने उत्तर लिहिलं, खोडलं, परत लिहिलं, परत खोडलं. खरं सांगितलं तर शनिवारी सगळी शाळा हसणार. "भूक लागली" पाठीवर मिरवणारी मुलगी! नाही सांगितलं तर कुणाला कळणार? पण कुणाची तरी आई येईलच टेबलाशी. कुणाची तरी मावशी. आणि फिस्सकन हसेल.

आई वही चाळत होती. मध्येच थांबली.

"हे बरोबर आहे."

"काय?"

"'चेय'. तू लिहिलंयस, 'आई पिल्लाला जवळ बोलावते तेव्हा.' बरोबर आहे की. ये."

ठिणगीने वाकून बघितलं. चारशे बारातला एक. तिला वाटलं आपण खूश झालोय, आणि लगेच वाटलं, एवढ्याशावर कसलं खूश व्हायचं, आणि तरी ती खूशच होती.

"हे लिहिलं कुणी असेल गं?" तिने विचारलं. "एवढी मोठी मालिका, आणि आत हे?"

"कुणाला माहीत. पण जी कोण आहे तिला बहीण असणार."

ठिणगीच्या डोक्यात अजून राणी कपडे वाळत घालत होती, सेनापती दार लावत होता, आणि ते निळे पहिल्यापेक्षा खोटे वाटतायत की जास्त खरे, तेही तिला सांगता येत नव्हतं. मग तिने टेबलावरची लांब पट्टी घेतली, वहीच्या पहिल्या पानावर उभी ठेवली आणि वरपासून खालपर्यंत एक रेघ ओढली. दुसऱ्या पानावरही. तिसऱ्या पानावर आल्यावर मान वर न करता म्हणाली,

"ऐका दोघं. शनिवारी मी जाकीट घालणार आहे. एक टाका उसवणार नाही. वहीत दोन रकाने असतील, एकात माझा अर्थ, एकात खरा, आणि माझा एकही शब्द मी खोडणार नाही. खरे अर्थ आपण दोघींनी आज आणि उद्या लावायचेत, आई, चारशेच्या वर उरलेत, तेव्हा ती पँट ठेव बाजूला. शनिवारी टेबलामागे चार खुर्च्या लावणार. दोन चष्मिसला आणि लंबूला, एक मला. चौथीवर, आई, तू बसणार आहेस, आणि बाबा, तू समोर उभा राहून, काहीच समजत नसल्यासारखी हसून मान डोलवायचीस. तुला सोळा वर्षांची सवय आहे."